सातबारा, चुकारा आणि ओआरएम

महाराष्ट्रात वणी दोन. एक नाशिक जिल्ह्यातली, सप्तशृंगीच्या वाटेवरची. दुसरी आमची, यवतमाळ जिल्ह्यातली, निर्गुडेकाठची, कापसाची आणि कोळशाची. पिनकोड लिहायचा राहिला की पार्सल कुठल्याही वणीला जाऊ शकतं. तालुक्यातल्या गावांचंही तेच. आमच्याकडे राजूर आहे, तसं अकोले तालुक्यात आहे आणि जालना जिल्ह्यातही आहे. शिरपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला धुळ्याचं आठवतं, आम्हाला आमचं. नावं बदलतातही. इंग्रजांच्या कागदोपत्री आजच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव एके काळी ‘वूण’ होतं, म्हणजे वणीच. पुढे जिल्हा यवतमाळचा झाला. जमीन जागची हलली नाही, फक्त पाटी बदलली.

डेटाबेसचा पहिला धडा यातच आला. नाव ही ओळख नव्हे. ओळख म्हणजे कधी न बदलणारा क्रमांक, आणि बाकी सगळ्या नोंदींनी नाव न लिहिता तो क्रमांक लिहायचा. एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलात लिहिला की नातं तयार होतं. हे नातं वापरून माहिती परत काढायची कशी, आणि ते काम आपल्या वतीने ओआरएम नावाचा मध्यस्थ करत असेल तर तो नेमकं काय करतो, हा या लेखाचा विषय. गेली काही वर्षं जिनिंगवाले, अडते, वाहतूकदार यांच्यासाठी छोटी-मोठी सॉफ्टवेअरं लिहून पोट भरतो, म्हणून उदाहरणं कापसाचीच येतील.

नात्यांची टेबलं संगणकाने आणली, हा एक गोड गैरसमज आहे. तलाठ्याचं दप्तर उघडून पाहा. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख: गट कोणाचा, क्षेत्र किती. नमुना बारा म्हणजे त्या गटात कोणत्या हंगामात काय पेरलं. दोन्ही एका कागदावर आले म्हणून तो सातबारा. आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर गावात कोणकोणते गट आहेत त्याची नोंद. आणि नमुना सहा म्हणजे फेरफार: मालकी कशी बदलली, वारसाने, खरेदीने की वाटणीने. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात एक आकडा दिसायचा, तो फेरफार क्रमांक. आजची पोरं ज्याला फॉरेन की म्हणतात, ती हीच. आकडा धरायचा, फेरफार नोंदवही उघडायची, त्या क्रमांकाची नोंद वाचायची. एकच गट आठ-अ वरून शोधला तर खातेदाराकडून गटाकडे जाणं झालं, सातबाऱ्यावरून शोधला तर गटाकडून खातेदाराकडे. दोन्ही दिशा दप्तरात होत्या. फक्त जॉइन, म्हणजे दोन नोंदी एकमेकींना जोडणं, तलाठी डोक्यात करायचा.

आता हा कागद कापूस विकताना पाहा. हमीभावाने भारतीय कापूस निगमाला, म्हणजे सीसीआयला माल घालायचा तर पीकपेऱ्यात कापूस लागलेला सातबारा लागतो, आधार लागतं, आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. २०२५ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी करावी लागते. मग गाडी काट्यावर येते, भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, दर, काटापट्टी आणि सरतेशेवटी चुकारा, म्हणजे मालाचे पैसे. शेतकऱ्याला हे एकच काम वाटतं, ‘कापूस विकला’. मागे मात्र शेतकरी, गाव, खातं, गट, पीक, गाडी, तोल, चुकारा अशी सात-आठ टेबलं एकमेकांच्या हातात हात घालून उभी असतात. एक हात सुटला की चुकारा अडतो.

योगायोग असा, की सीसीआय स्थापन झाली १९७० साली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड या मूळच्या इंग्लंडच्या गणितज्ञाने रिलेशनल मॉडेलवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी डेटा शोधायचा म्हणजे तो कुठे ठेवलाय, कोणत्या वाटेने तिथे जायचं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागे. कॉड म्हणाला, वाट सांगू नका, काय हवं ते सांगा. वाट मशीन शोधेल. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी जी भाषा मांडली, तीच आज एसक्यूएल म्हणून चालते. पन्नास वर्षांत कितीतरी भाषा आल्या आणि गेल्या. ही टिकली.

भांडण सुरू झालं ते ऑब्जेक्टच्या जमान्यात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ‘गाडी’ ही वस्तू हवी असते. गाडीला विचारलं तुझा शेतकरी कोण, की तिने शेतकरी हातात द्यावा. शेतकऱ्याला विचारलं तुझं गाव कोणतं, की त्याने गाव सांगावं. टेबलात मात्र वस्तू नसतात, ओळी असतात, रकाने असतात. या दोन जगांमध्ये दुभाष्या म्हणून ओआरएम आला. जावामध्ये गॅव्हिन किंग याने २००१ मध्ये हायबरनेट आणलं. २००२ साली मार्टिन फाउलरचं आर्किटेक्चरच्या पॅटर्नांवरचं पुस्तक आलं आणि या दुभाष्यांच्या जातींना नावं मिळाली. ॲक्टिव्ह रेकॉर्डमध्ये टेबलाची ओळ म्हणजेच वस्तू, आणि ती स्वतःला स्वतःच सेव्ह करते. डेटा मॅपरमध्ये वस्तू वेगळी, टेबल वेगळं, आणि दोघांमध्ये बोलणी करणारा तिसरा. रूबी ऑन रेल्स, जँगो आणि लाराव्हेलचं एलोक्वेंट हे पहिल्या घराण्याचे. हायबरनेट आणि पायथनमधलं माइक बेअरचं एसक्यूएलअल्केमी दुसऱ्या घराण्याचे.

जँगोबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आम्हा तालुक्याच्या माणसांना ती बळ देते. २००५ मध्ये जगासमोर आलेलं हे फ्रेमवर्क कुठल्या मोठ्या कंपनीत घडलं नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथल्या स्थानिक वर्तमानपत्राच्या कचेरीत ते लिहिलं गेलं. संपादकाला बातमी लगेच हवी असे, म्हणून काम झटपट उरकणारं हत्यार तयार झालं. फ्लास्कचा जन्म तर आणखी गमतीचा. आर्मिन रोनाखर याने १ एप्रिल २०१० ला लोकांना एप्रिल फूल करायला एक चिमुकलं फ्रेमवर्क टाकलं; लोकांना ते आवडलं आणि थट्टेचं खरं झालं. फ्लास्कमध्ये डेटाबेसचं काही नाही. ते काम करायला फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी नावाचं प्लगिन जोडावं लागतं. मी तेच वापरतो. हे प्लगिन करतं थोडंच: कनेक्शन सांभाळतं, प्रत्येक विनंतीला एक सेशन देतं आणि विनंती संपली की ते मिटवतं. नात्यांची खरी अक्कल त्याच्या पोटातल्या एसक्यूएलअल्केमीत आहे. म्हणून ‘प्लगिन स्लो आहे’ अशी तक्रार ऐकली की मी आधी नात्यांकडे पाहतो.

पान उघडत नाही

तीन-चार हंगामांपूर्वीची गोष्ट. एका खासगी जिनिंगला दिवसभराच्या गाड्यांची यादी दाखवणारं पान करून दिलं होतं. माझ्या घरच्या संगणकावर वीस गाड्यांचा नमुना डेटा, पान चुटकीसरशी उघडायचं. दिवाळीनंतर आवक वाढली, गाड्यांची रांग रस्त्यावर आली, आणि मुनीमजींचा फोन आला. आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत. म्हणाले, “भाऊ, तुमचं पान उघडेपर्यंत माह्या वहीत तीन गाड्या चढते.”

चूक माझीच होती, आणि ती ओआरएम वापरणारा प्रत्येक जण एकदा तरी करतो. यादीत प्रत्येक गाडीसमोर शेतकऱ्याचं नाव, त्याचं गाव आणि ज्या सौद्यात माल घेतला त्याचा दर दाखवायचा होता. मी गाड्या आणल्या, आणि पानावर फिरताना नुसतं ‘गाडी डॉट शेतकरी डॉट गाव’ लिहिलं. लिहायला किती सोपं! पण ओआरएम आळशी असतो. तांत्रिक भाषेत यालाच लेझी लोडिंग म्हणतात. गाडी आणताना तो शेतकरी आणत नाही. तुम्ही शेतकऱ्याला हात लावला, की त्या क्षणी तो डेटाबेसकडे पळतो. दिवसाला ४०० गाड्या असतील तर गाड्यांची एक क्वेरी, मग प्रत्येक गाडीमागे शेतकरी, गाव, सौदा अशा जास्तीत जास्त तीन. एकूण १,२०१. एका क्वेरीला जाऊन यायला ५ मिलिसेकंद धरली तरी सहा सेकंद झाली. डेटाबेस दूरच्या सर्व्हरवर असेल आणि एका फेरीला ३० मिलिसेकंद लागत असतील तर छत्तीस सेकंद. यालाच जगभर एन प्लस वन म्हणतात. मुनीमजींच्या भाषेत सांगायचं तर हमालाला चारशे पोती आणायला पाठवलं आणि तो एकेक पोतं आणतोय. चूक हमालाची नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही की बंडी घेऊन जा.

इथे दोन घराण्यांतला फरक उपयोगी पडतो, आणि तो फार जणांना माहीत नसतो. एसक्यूएलअल्केमीचं सेशन एकदा आणलेली वस्तू लक्षात ठेवतं. फाउलरच्या पुस्तकात याला आयडेंटिटी मॅप म्हटलंय. ४०० गाड्या ३१० शेतकऱ्यांच्या आणि ते ६२ गावांतले असतील, तर गावासाठी ४०० नाही, ६२च फेऱ्या होतात, कारण त्रेसष्टाव्या वेळी राजूर आधीच घरात असतं. जँगोमध्ये ही आठवण नाही. तिथे प्रत्येक शेतकऱ्यामागे राजूर नव्याने आणलं जातं, आणि एकाच राजूरच्या पन्नास प्रती मेमरीत तरंगतात. पहिला अनर्थ थोडा सौम्य करतो, दुसरा उघड करतो. कोणता बरा, यावर मी अजून ठाम नाही. सौम्य अनर्थ जास्त दिवस टिकतो.

उपाय म्हणजे आधीच सांगून ठेवणं: गाड्या आणशील तेव्हा शेतकरी, गाव आणि सौदाही आण. हे इगर लोडिंग. त्याच्या दोन वाटा आहेत. एक, सगळं एकाच क्वेरीत जॉइन करून आणायचं: जँगोत सिलेक्ट रिलेटेड, एसक्यूएलअल्केमीत जॉइंडलोड. दुसरी, आधी गाड्या आणायच्या, त्यातले शेतकरी क्रमांक गोळा करायचे आणि ‘या क्रमांकांतले सगळे द्या’ अशी एकच क्वेरी मारायची: जँगोत २०१२ च्या १.४ आवृत्तीपासून प्रीफेच रिलेटेड, लाराव्हेलमध्ये विथ, एसक्यूएलअल्केमीत सिलेक्टइनलोड. हे शेवटचं एका वेळी पाचशे क्रमांकांची बंडी भरतं. आमच्या पानाला या वाटेने चार क्वेऱ्या लागल्या. वाईटात वाईट १,२०१ च्या चार. मुनीमजींना सांगितलं तर म्हणाले, “आधीच कायले नाही केलं?” उत्तर नव्हतं.

पन्नास क्विंटलचे दीडशे

कोणती वाट कधी, याचा माझा ठोकताळा सोपा आहे. ‘गाडीचा शेतकरी’ असं एकवचनी नातं असेल तर जॉइन बेलाशक करा. ओळी वाढत नाहीत. ‘शेतकऱ्याच्या गाड्या’ असं अनेकवचनी नातं असेल तर दुसरी वाट धरा. आणि एकाच वेळी दोन अनेकवचनी नाती जॉइनने आणायचा मोह झाला तर उठून चहा घेऊन या.

का, ते आकड्यांत सांगतो. समजा एका शेतकऱ्याचे तीन गट आहेत: १.२० हेक्टर, ०.८१ आणि ०.६०. एकूण २.६१. त्याने हंगामात चार गाड्या घातल्या: १२, १४, १२, १२ क्विंटल. एकूण ५०. साहेबांना एका ओळीत हवंय: शेतकरी, एकूण क्षेत्र, एकूण माल. ओआरएमला सहज सांगितलं, गटांची बेरीज दे आणि गाड्यांची बेरीज दे. त्याने शेतकऱ्याला गट जोडले, मग गाड्या जोडल्या. तीन गट गुणिले चार गाड्या, बारा ओळी. प्रत्येक गाडी तीनदा आली, प्रत्येक गट चारदा. माल झाला १५० क्विंटल, जमीन झाली १०.४४ हेक्टर. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. त्या दराने ४,०५,५०० रुपयांच्या मालाचे कागदावर १२,१६,५०० झाले. एरर आली नाही, पान लाल झालं नाही. आकडा छान दोन दशांशांत छापला गेला.

बेरजेआधी ‘डिस्टिंक्ट’ लावून पाहा, असं कोणीतरी सांगतंच. लावलं की १२ क्विंटलच्या तीन गाड्या एक मानल्या जातात आणि माल २६ वर येतो. म्हणजे आधी शेतकरी सावकार झाला, आता लुटला गेला. खरा इलाज एकच: गटांची बेरीज स्वतंत्र सबक्वेरीत, गाड्यांची स्वतंत्र, आणि मग दोन्ही बेरजा शेतकऱ्याला जोडायच्या. आधी बेरीज, मग जॉइन. जँगोची स्वतःची कागदपत्रंही या बाबतीत प्रामाणिक आहेत. दोन बेरजा एकत्र केल्या तर उत्तर चुकेल असं त्यांनी लिहून ठेवलंय. आपण कागदपत्रं वाचत नाही, हा भाग वेगळा.

मी या चुकीला एन प्लस वनपेक्षा जास्त भितो. मंद पानाची तक्रार त्याच दिवशी येते. चुकीची बेरीज मार्चअखेर सापडते.

तिच्याच जातीची दुसरी चूक म्हणजे माणसं गायब होणं. एकदा चुकाऱ्याच्या यादीत २१२ ऐवजी २०५ शेतकरी आले. सात जणांनी बँक खात्याची माहिती दिली नव्हती, आणि मी खात्याच्या टेबलाला साधा जॉइन लावला होता. साधा, म्हणजे इनर जॉइन, दोन्हीकडे नोंद असेल तरच ओळ देतो. ज्यांचा चुकारा अडलाय, नेमके तेच यादीतून गेले, आणि यादी काढली होती अडलेले शोधायला! तिथे लेफ्ट जॉइन हवा होता: शेतकरी सगळे, खातं असेल तर असेल. ओआरएम यात काही प्रमाणात शहाणपण दाखवतो. रकाना रिकामा चालणार असं मॉडेलमध्ये लिहिलं असेल तर जँगोचं सिलेक्ट रिलेटेड आपोआप लेफ्ट जॉइन वापरतं. पण त्याला कळणार ते तुम्ही मॉडेलमध्ये लिहिलंय तेवढंच.

आणि गाळणीचा घोळ. ‘काल आलेली आणि ओलावा बारा टक्क्यांच्या वर असलेली गाडी ज्याची आहे, असे शेतकरी.’ जँगोत दोन्ही अटी एकाच फिल्टरमध्ये लिहिल्या तर त्या एकाच गाडीला लागतात. तेच दोन फिल्टर एकापुढे एक लावले तर अर्थ होतो: काल ज्याची कोणतीही गाडी आली, आणि ज्याची कधीतरी कोणतीतरी गाडी ओली होती. दिसायला दोन्ही ओळी सारख्या. मराठीत मात्र कोणी अशी गल्लत करणार नाही. ‘अशी गाडी, जी’ आणि ‘एक गाडी… आणि एक गाडी’ हे आपल्याला ऐकताच कळतं. म्हणून क्वेरी लिहिण्याआधी मी वाक्य मराठीत लिहून काढतो, वहीत, पेनाने.

एसक्यूएलअल्केमीत याची भावंडं आहेत. तिथे गाळण्यासाठी लावलेला जॉइन आणि वस्तू भरण्यासाठीचा जॉइंडलोड हे दोन वेगळे जॉइन असतात. ‘काल आलेली’ या अटीवर गाळलं म्हणून शेतकऱ्याच्या हातातल्या गाड्या गाळल्या जात नाहीत; त्यासाठी कंटेन्स इगर असं वेगळं सांगावं लागतं. पहिल्यांदा हे चक्रावून टाकतं. नंतर पटतं, कारण शेतकऱ्याच्या गाड्या म्हणजे त्याच्या सगळ्या गाड्या, आज मी कोणत्या पाहतोय त्यावर त्या अवलंबून नाहीत.

सातबाऱ्यासमोर ओआरएम

आता पुन्हा दप्तराकडे. पुस्तकातल्या उदाहरणांत लेखक आणि पुस्तकं असतात, विद्यार्थी आणि विषय असतात. सातबारा त्यांच्यापेक्षा अवघड आहे आणि म्हणून जास्त शिकवतो.

एका गटाचे अनेक खातेदार, एका खातेदाराचे अनेक गट. हे अनेकांशी अनेक असं नातं. ओआरएम म्हणतो, सोपं आहे, मधलं टेबल मी सांभाळतो, तुम्हाला दिसणारही नाही. फसू नका. त्या मधल्या टेबलातच सगळी गोष्ट आहे: कोणाचा किती हिस्सा, कोणत्या फेरफाराने आला, भोगवटादार वर्ग एक की दोन. मधलं टेबल लपवलं की हिस्सा ठेवायला जागा उरत नाही. त्याला स्वतःचं नाव आणि स्वतःचं मॉडेल द्यावं. जँगोत थ्रू, लाराव्हेलमध्ये पिव्हटचे रकाने, एसक्यूएलअल्केमीत असोसिएशन ऑब्जेक्ट. माझा अनुभव असा, की व्यवहारात निव्वळ अनेकांशी अनेक नातं जवळजवळ नसतंच. आज नसेल तर पुढच्या हंगामात कोणीतरी येऊन म्हणतो, ‘तारीख पण पाहिजे होती.’

दुसरं, क्रमांक. खाते क्रमांक ४७ हा एका गावापुरता. शेजारच्या गावातही खाते क्रमांक ४७ असतो. गटाचंही तेच. म्हणजे ओळख एका रकान्याची नाही, गाव आणि खाते अशी जोडीची. एसक्यूएलअल्केमीला जोडीची किल्ली पहिल्यापासून पचते. रेल्समध्ये ती २०२३ च्या ७.१ आवृत्तीत आली. जँगोत तर थेट २०२५ च्या ५.२ मध्ये, आणि तिथेही अशा जोडकिल्लीकडे फॉरेन की लावण्याची सोय त्या आवृत्तीत नव्हती. एलोक्वेंटला ती चालत नाही. म्हणून बहुतेक जण आपला एक सरळ क्रमांक देतात आणि गाव-खाते जोडीवर युनिकचं बंधन घालतात. ही तडजोड मला मान्य आहे, एका अटीवर: ते बंधन खरोखर घाला. ‘नंतर घालू’ म्हणून सोडलेल्या टेबलात ४७ नंबरचे दोन खातेदार मी पाहिलेत. आणि गट क्रमांक आकडा समजून ठेवू नका. २३/१अ आला की कळेल.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. सातबाऱ्यावर नाव कमी करायचं तर ते खोडरबराने पुसत नाहीत. नावाला कंस करायचे. जुने लोक म्हणतात आळं केलं. नाव वाचता येतं, पण ते आता चालू नाही. २०२० च्या नव्या नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेघ आली. प्रोग्रॅमर याला सॉफ्ट डिलीट म्हणतात आणि नवा शोध लागल्यासारखे बोलतात. लाराव्हेलमध्ये एक ओळ लिहिली की आळं केलेल्या नोंदी आपोआप वगळल्या जातात. पण तुम्ही ओआरएमच्या नात्याने न जाता हाताने जॉइन लिहिला, की जोडलेल्या टेबलाला ती गाळणी लागत नाही आणि कंसातली माणसं परत यादीत येऊन बसतात. मयत खातेदाराच्या नावाने पावती निघाली की समजायचं, कुठेतरी हाताने जॉइन लिहिलाय.

राखणदार

गेल्या काही वर्षांत ओआरएम लिहिणाऱ्यांनीच आळशीपणाला वेसण घालायला सुरुवात केलीय. रेल्स ६.१ मध्ये स्ट्रिक्ट लोडिंग आलं, लाराव्हेलमध्ये २०२१ पासून लेझी लोडिंग बंद करता येतं, एसक्यूएलअल्केमीत रेझलोड आहे. आधी न सांगता नात्याला हात लावला की प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि ओरडतो. मी हे घरच्या संगणकावर चालू ठेवतो, जिनिंगवर बंद. मुनीमजींसमोर प्रोग्रॅम ओरडला तर ते मला फोन करणार नाहीत, सरळ वही काढतील.

इंडेक्स आणि फॉरेन कीबद्दल दोन गोष्टी, कारण इथे बहुतेकांचा पाय घसरतो. मायएसक्यूएलचं इनोडीबी फॉरेन कीच्या रकान्याला स्वतःहून इंडेक्स करतं, पोस्टग्रेस करत नाही; मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर गेलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही आणि ‘शेतकऱ्याच्या गाड्या’ शोधताना दर वेळी अख्खं टेबल चाळलं जातं. दुसरं, तालुक्यात अजून जुने प्रोग्रॅम चालतात, २०१० च्या आधीचे, जेव्हा मायएसक्यूएलमध्ये मायआयसॅम हाच नेहमीचा प्रकार होता. मायआयसॅम फॉरेन की लिहू देतं आणि मुकाट्याने सोडून देतं. कागदावर नातं आहे, पाळायला कोणी नाही. असा डेटा नव्या ओआरएमखाली आणताना आधी अनाथ नोंदी मोजा: शेतकरी नसलेल्या गाड्या, गाव नसलेले शेतकरी. निघतातच.

मग ओआरएम वापरावा का? २००६ मध्ये टेड न्यूअर्डने एक गाजलेला लेख लिहून ओआरएमला संगणकशास्त्राचं व्हिएतनाम म्हटलं होतं: शिरणं सोपं, सुरुवातीला विजयच विजय, आणि नंतर बाहेर पडता येत नाही. मला ते अर्धंच पटतं. एक गाडी नोंदवायची, एका शेतकऱ्याचं खातं दुरुस्त करायचं, काटापट्टी छापायची, यासाठी ओआरएमसारखं सुख नाही. लिखाण कमी होतं, कोणी नावाच्या रकान्यात वाकडं काही टाइप केलं तरी एसक्यूएल इंजेक्शनची भीती राहत नाही, आणि टेबलात रकाना वाढला तर बदल एका जागी होतो. पण हंगामाचा गोषवारा, गावनिहाय आवक, सरासरी ओलावा, रुई-सरकीचा उतारा, अडलेले चुकारे ही कामं वस्तूंची नाहीत, ओळींची आहेत. तिथे मी सरळ एसक्यूएल लिहितो, आणि एसक्यूएलअल्केमी त्याला हरकत घेत नाही, म्हणूनच मी त्याच्याकडे राहिलो. ज्याला एसक्यूएल येत नाही त्याने ओआरएम वापरू नये, असं माझं मत आहे. कडक आहे, पण दीडशे क्विंटल छापून झाल्यावर बनलंय.

नव्याने या कामात येणाऱ्या वणी, मारेगाव, झरीच्या पोरापोरींना एक विनंती. फ्लास्क-एसक्यूएलअल्केमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये इकोची एक ओळ असते. ती चालू केली की ओआरएम मारतो ती प्रत्येक क्वेरी काळ्या खिडकीत दिसते. पहिला महिनाभर ती बंद करू नका, आणि नमुना डेटात वीस नाही, चारशे गाड्या टाका.